सुती ॲप्रन मिळेल का?

आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत एकीने मनगट दाखवले. चार घरी पोळ्या करते ती. शेगडीवर वाकताना नायलॉनच्या साडीचा पदर पेटला आणि वितळून कातडीला चिकटला. सुती कापडही पेटतेच, पण असे वितळून चिकटत नाही. पदर आत घेऊन वर जाड सुती ॲप्रन बांधावा असे ठरले. बारा ॲप्रन, एकेक शंभराच्या आत, एवढेच आमचे मागणे.

त्यासाठी मी दोन शनिवार तुळशीबाग, लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ पालथी घातली. ॲप्रन म्हणताच पहिल्या दुकानदाराने पांढरा कोट काढला, सायन्सच्या प्रॅक्टिकलचा! दुसऱ्याकडे प्लास्टिकचे होते, भांडी घासायला ठीक, आचेजवळ नकोत. तिसरीकडे झालरीचे, पॉलिएस्टरचे, छातीवर इंग्रजी विनोद छापलेले. सुती सापडला तो साडेचारशेला. "घरात कोण घालतं हो ताई? बायका गाउनवरच करतात," दुकानदार म्हणाला. खोटे तरी कसे म्हणू? मीही आजवर पदरालाच हात पुसत आले.

हॉटेलातल्या आचाऱ्याला ॲप्रन लागतो हे कुणाला पटवावे लागत नाही. तीच आच, तेच उकळते तेल घरात असते, पण तिथले काम बाईचे, म्हणून त्याला कामाचे कपडे नाहीत. पगारी बाई असली तरी नाहीत. दिवाळीला मालकीणबाई हौसेने साडी देतात, तीही बहुधा सिंथेटिक. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी स्वयंपाकाच्या बाईला दोन सुती ॲप्रन द्यावेत, असे मी पाहिलेल्या एकाही घरात कुणाला सुचलेले नाही. मैत्रिणींनो, तुमच्याकडे पोळ्यांना कुणी येत असेल तर या दिवाळीला साडीसोबत तेवढे द्याल का?

शेवटी आम्ही मांजरपाट आणला. गटातल्याच शिवणकाम करणारीने शिवले, तिची मजुरी धरून एक पंच्याऐंशीला पडला. बारांपैकी नऊ वापरात आहेत. एकीच्या नवऱ्याने "हाटेलात लागलीस काय?" म्हणून हसून घेतले, तिने तो घडी करून ठेवला आहे. तिच्याशी बोलणे चालू आहे. बाकीच्यांनी पुढच्या खेपेला खिसा मागितला आहे, मोबाइल आणि पगाराच्या नोटा ठेवायला.