खोट्या हजेरीचं मस्टर

मुकादमाचं मस्टर बघितलंय कधी? धक्क्यावर पंधरा गडी, कागदावर पंचवीस. वरचे दहा जन्मालाच आलेले नसतात. पण त्यांची नावं असतात, अंगठे असतात, पगारही निघतो. तोच धंदा आता कॉम्प्युटरवर चाललाय आणि नाव मात्र सोज्वळ ठेवलंय : सिंथेटिक डेटा. माणसांनी लिहिलेलं-बोललेलं कमी पडलं की मशीननंच मजकूर पाडायचा आणि तो दुसऱ्या मशीनला शिकायला घालायचा. न जन्मलेल्या माणसाचं बोलणं, न झालेला आजार, न घेतलेलं कर्ज. सगळं खऱ्यासारखं.

हे अमेरिकेतलं लफडं, आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यानं ऐरोली-महापेला चक्कर मारावी. आपल्या ठाणे जिल्ह्यातच डेटा सेंटरांच्या इमारती उभ्या आहेत. आणि मराठीचा हिशेब ऐका. मद्रास आयआयटीतल्या एआयफोरभारत गटानं 2024 साली 'संग्रह' नावाचा 22 भाषांचा साठा काढला. 251 अब्ज टोकन. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. त्यातला अर्ध्याहून जास्त माल सिंथेटिक : इंग्रजी विकिपीडिया मशीनकडून मराठीसकट 14 भाषांत उलथवला, वर तोच रोमन लिपीत उतरवून भर घातली. त्यांनी हे लपवलं नाही, तसं उघड लिहिलंय. एवढं इमान मान्य. पण ही मराठी कुणाची? कोळसेवाडीची? उल्हासनगरच्या कॅम्पातली? खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांची? आमची आई म्हणते, 'पगार गिळला भाडखाऊनं.' भाषांतराची मराठी म्हणते, 'वेतन अदा करण्यात आलेले नाही.' गिळणारा गायब!

आता काही पांढरपेशे मित्र ओरडतील, खरा डेटा पवित्र, बनावट तेवढा अपवित्र. च्यायला, ही सोवळ्याचीच भाषा! लेखणी शेकडो वर्षं ज्यांच्या हातात होती त्यांनी लिहिलेलं 'खरं' आम्ही भोगलंय. ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूनं जीपीटी-5 ची जात तपासली. 105 वाक्यांतल्या गाळलेल्या जागा, भरायला दोनच शब्द : दलित किंवा ब्राह्मण. 80 ठिकाणी मशीननं मनूचंच उत्तर दिलं. हुशार तो ब्राह्मण, गटार साफ करणारा दलित. हे विष कुठल्या बनावट माणसानं नाही ओतलं. ते खऱ्या माणसांच्या लिहिण्यातून आलं. म्हणून मी मशीन फोडा म्हणणार नाही. दलित बाई न्यायाधीश आहे, दलित पोरगा पुलाचा नकाशा काढतोय, अशी हजार वाक्यं मुद्दाम बनवून मशीनला पाजता येतात. पाजाच. आणि अत्याचाराची फिर्याद देणारी बाई, टीबीचा पेशंट, यांचं आडनाव आणि गाव कळलं की सगळं कळतं. अशा कागदांची बनावट नक्कल नीट केली तर मशीन शिकतं आणि सूड घेणाऱ्याला पत्ता मिळत नाही. नीट केली तर, हं. नकलेतून खरा माणूस निसटून दिसला तर मेला तो.

पण बनवणार कोण? तिथंच मेख आहे. मनुस्मृतीचं काय झालं? ग्रंथावर भाष्य, भाष्यावर टीका, रस्त्यावरच्या माणसाला कुणी विचारलंच नाही. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांनी ती जाळली. आता कागदावरून कागद काढायचं काम मशीन करतं. जुलै 2024 मध्ये 'नेचर'मध्ये इलिया शुमायलोव आणि सोबत्यांनी दाखवलं की मशीनच्या मजकुरावर पुढचं मशीन, त्याच्या मजकुरावर त्याच्या पुढचं, असं शिकवत गेलं की मशीन कोसळतं. जुन्या चर्चच्या बांधकामापासून निघालेला मजकूर नवव्या पिढीला रंगीबेरंगी शेपटांच्या सशांची यादी बडबडू लागला. हसू नका. त्याच्या आधी काय होतं ते बघा : जे क्वचित येतं ते पहिलं गळतं. मधलं, नेहमीचं, बहुसंख्य तेवढं उरतं. म्हणजे गावकुसाबाहेरचा पहिल्याच फेरीत खलास. खरा मजकूर न टाकता त्यात बनावट मिसळला तर हे कोसळणं टळतं, असंही त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवलंय. म्हणजे खरी माणसं लागतातच.

ती मिळत नाहीत म्हणणं ही थाप. 2020 साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा निबंध आला. खेड्यातले गरीब, शहरातले गरीब आणि कॉलेजचे विद्यार्थी, अशा 36 जणांकडून 109 तासांची मराठी बोली-वाणी जमा केली. गरिबांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं, हे त्यांनीच छापलंय. मग अडतं कुठं? पैशावर. सरकारच्या भाषिणीनं तर आवाज गोळा करायच्या योजनेचं नावच ठेवलं 'भाषादान'. दान! आमच्या बापजाद्यांनी वेठ केली, आता आवाजही फुकट द्यायचा? घाम गाळायचा तर मजुरी मोजा, तासाची, रोख.

आणि प्रत्येक साठ्यावर लिहा : खरा माल किती, बनावट किती, बनावट कुणी पाडला, कुणी तपासला. आमच्यावरचा मजकूर आमच्या माणसांनी तपासल्याशिवाय बँकेच्या, दवाखान्याच्या, पोलीस ठाण्याच्या मशीनला घालायचा नाही. नापास करायचा हक्क आमचा.

कल्याण-डोंबिवली-ठाण्यातली आपली जी पोरं रात्रपाळीला असला डेटा तपासत बसतात त्यांना एवढंच : मशीननं रंगवलेला दलित समोर आला की त्याच्या हातात काय दिलंय ते बघा. दर वेळी झाडूच असेल तर फाईल नापास करा आणि कारणाच्या रकान्यात 'जात' असं लिहा.