घरच्या घरी : पावसाळ्यासाठी कोरडा डबा

मैत्रिणींनो, पावसाळ्याच्या तोंडावर पापड-कुरडयांचे डबे आपण किती निगुतीनं भरतो! मग कपाटातला कॅमेरा, दुर्बीण आणि सासूबाईंचं कानाचं यंत्र यांनीच काय घोडं मारलंय? हवेतला दमटपणा ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला, की भिंगावर बुरशी धरते. ती मुरली, की काचेवरच्या लेपावर कोळिष्टकासारखे डाग कायमचे उमटतात. कानाच्या यंत्राचं तर विचारूच नका. ते बंद पडलं, की घरातलं एक माणूस गप्पांमधून बाजूलाच पडतं.

विजेवर चालणारी खास कपाटं बाजारात मिळतात, पण ती महाग. आपला डबा थोडक्यात होतो.

साहित्य : झाकणाला रबर आणि चारी बाजूंनी कड्या असलेला साधारण १० लिटरचा पारदर्शक डबा, नारिंगी सिलिका जेलचे मणी १०० ग्रॅम, दमटपणा दाखवणारा लहान हायग्रोमीटर, जाळीच्या कापडाची पुरचुंडी. निळे मणी नकोत. त्यांत सहसा कोबाल्टचा क्षार असतो, तो तब्येतीला वाईट.

कृती : रिकाम्या डब्यात टिपकागद ठेवून झाकण लावा आणि वरून नळ सोडा. कागद कोरडा राहिला, तर डबा पास! मग डबा नीट वाळवा. पुरचुंडीत मणी बांधून कोपऱ्यात ठेवा. वस्तू कोरड्या मऊ फडक्यानं पुसून, सेल काढून आत ठेवा. चामड्याचं कव्हर मात्र बाहेरच. ते ओल धरून ठेवतं. काटा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. ३० च्या खाली गेला, तर थोडे मणी काढा. फार कोरडेपणानं वंगण सुकतं.

कानाच्या यंत्राला वेगळी छोटी डबी करा, म्हणजे मोठा डबा रोज उघडावा लागणार नाही. त्याचे बारीक सेल डबीत ठेवू नका, कोरड्या हवेत तेही सुकतात.

काहीजणी मण्यांऐवजी तांदूळ घालतात. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, वर त्याची भुकटी यंत्रात शिरते.

आता मुख्य गोष्ट. झाकण लावलं म्हणजे काम संपलं, असं नाही. घट्ट झाकण बाहेरची ओल आत येऊ देत नाही, तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. मणी एकदा भिजले, की तोच डबा बुरशीचं माहेरघर! म्हणून दर रविवारी नजर टाका. मणी हिरवे किंवा फिक्कट दिसले, की वेगळ्या ताटात पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवा. मूळ रंग परतला, की गार करून लगेच डब्यात. हेच मणी पुन्हा पुन्हा वापरता येतात. खाण्याचं भांडं मात्र त्यासाठी घेऊ नका, आणि घरात रांगतं मूल असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवा.

लोणच्याची बरणी आपण अधूनमधून हलवून बघतोच ना? तेवढंच लक्ष याही डब्याकडे असू द्या.