वय मोजले, कुलूप विसरले

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हाती आले, की पाच वर्षांचे पोर ते पहिल्यांदा कोणावर रोखते? आजोबांवर! आजोबाही छातीवर हात ठेवून आरामखुर्चीत कोसळतात आणि सारे घर हसते. या हसण्यात काही वावगे नाही. टिकली वाजते आणि विरून जाते. पण याच खेळण्याचा खराखुरा थोरला भाऊ एका श्रीमंत, शिकल्यासवरल्या देशात मोटारीच्या कप्प्यात भरलेला पडून असतो. आणि तो बाळगण्याची मुभा अठराव्या वर्षी द्यावी की एकविसाव्या, याचा काथ्याकूट तिथली न्यायालये वर्षानुवर्षे करीत आहेत. मी अमेरिकेविषयी बोलतो आहे.

‘अमेरिकेच्या पिस्तुलांशी आम्हांला काय कर्तव्य?’ असे कोणी विचारील. पुष्कळ कर्तव्य आहे! हा अंक ज्या घरांत वाचला जाईल, त्यांतल्या कितीतरी घरांचा मुलगा, भाची, नातू आज टेक्सासात नाहीतर न्यू जर्सीत आहे. तिथे जन्मलेली आपली नातवंडे तिथल्याच शाळांत शिकतात, मित्रांच्या मोटारींतून हिंडतात. त्या मोटारीच्या कप्प्यात काय आहे, हे विचारण्याचा हक्क साताऱ्याच्या आजीलाही आहे.

आधी कायदा पाहू. 1968 साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने ठरविले, की परवानाधारक दुकानदाराने एकवीस वर्षांच्या आतल्या माणसाला पिस्तूल विकू नये. ठीक झाले. पण दुकानदाराने विकू नये म्हणजे त्या पोराने बाळगू नये, असे मात्र नव्हे! 1994 च्या कायद्याने पिस्तूल बाळगण्याची मध्यवर्ती बंदी आली ती अठराच्या आतल्यांना, आणि तीही अपवादांसह. म्हणजे एकोणीस वर्षांचा पोरगा दुकानाच्या पुढच्या दाराने जाऊ शकत नाही. पण राज्याचा कायदा आड येत नसेल, तर ओळखीच्या माणसाकडून तेच पिस्तूल खुशाल घेऊ शकतो. टेक्सासात तर तो ते आपल्या मोटारीत ठेवूही शकतो. त्याच टेक्सासात त्याला बिअरची बाटली मिळत नाही. त्यासाठी एकवीस पुरी व्हावी लागतात! भाड्याने मोटार देणाऱ्या तिथल्या कंपन्या पंचविशीच्या आतल्या गिऱ्हाइकाकडून जादा पैसे घेतात. कोवळ्या वयाचा धोका व्यापाऱ्याला कळतो, आणि कायद्याला कळत नाही!

आणि आता ते पुढचे दारही डगमगू लागले आहे. 2025 च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की अठरा ते वीस वर्षांच्या तरुणांना दुकानातून पिस्तूल न विकणे हेच घटनाबाह्य आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रिचमंडच्या अपील न्यायालयाने नेमका उलटा निकाल दिला. देश एक, घटना एक, आणि एकोणीस वर्षांचा पोरगा एका ठिकाणी जाणता, तर दुसऱ्या ठिकाणी अजाण!

माझे म्हणणे सरळ आहे. एकवीसची मर्यादा हवीच. पण ती नुसती घेणाऱ्याच्या जन्मतारखेवर बसवून भागत नाही. ती मालकाच्या कुलपावर बसवली पाहिजे. पिस्तूल कोणी विकत घेतले, एवढेच पाहून चालणार नाही. ते कोणाच्या हाती लागू शकते, हे पाहिले पाहिजे.

दाखले हवेत? घ्या. 2016 च्या एप्रिलमध्ये मिल्वॉकी शहरात एक आई मोटार चालवीत होती. मागे तिचे दोन वर्षांचे मूल होते. पुढच्या आसनाखालून पिस्तूल घसरून मागे आले, मुलाच्या हाती लागले, आणि आई गेली. या घटनेत वयोमर्यादा काय करणार होती? दोन वर्षांच्या मुलाने ते दुकानातून घेतले नव्हते!

2015 च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सरकारी वनरक्षकाच्या उभ्या मोटारीतून भरलेले पिस्तूल चोरीस गेले. मालक वयाने प्रौढ, शिक्षण घेतलेला, सरकारी चाकरीतला. चारच दिवसांनी त्याच पिस्तुलाच्या गोळीने धक्क्यावर फिरायला आलेली एक तरुणी मेली. तेव्हा कुठे कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की मोटार सोडून जाताना पिस्तूल डिकीत नाहीतर पेटीत, कुलुपात ठेवले पाहिजे.

आणि 2021 च्या नोव्हेंबरमध्ये मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी एका बापाने पंधरा वर्षांच्या मुलासाठी पिस्तूल घेतले. चारच दिवसांनी त्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना ठार केले. दुकानदाराने वय पाहिले होते. पण ते बापाचे! 2024 साली तिथल्या न्यायालयाने त्या आईबापांनाही दोषी ठरवून तुरुंगात धाडले. शहाणपण सुचले, पण चार पोरे गमावल्यावर.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. ते म्हणतात, ‘अठराव्या वर्षी तो मत देतो, सैन्यात जाऊन प्राण देतो, मग त्याला पिस्तूल का नको?’ युक्तिवाद टाळीचा आहे. पण सैन्यात पोराच्या हाती शस्त्र येते ते शिकवून, हुकमाने, वरिष्ठाच्या डोळ्यांदेखत. आणि काम झाले की ते मोजून शस्त्रागारात परत जाते. ते मोटारीत टाकून तो सिनेमाला जात नाही. सैन्याचा दाखला द्यायचा, तर सैन्याची शिस्तही घ्या!

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. रात्रपाळी करून निर्जन रस्त्याने एकटी घरी जाणारी वीस वर्षांची मुलगी. तिने काय करावे? तिचे भय खोटे म्हणणारा मी नव्हे. पण उभ्या मोटारीतले पिस्तूल तिचे रक्षण करीत नाही. ती कामावर असते तेव्हा ते चोराचीच वाट पाहत असते. तिला दिवे लागलेले रस्ते हवेत, वेळेवर येणारे पोलीस हवेत. ते देणे जड जाते, म्हणून तिच्या हाती पिस्तूल देऊन मोकळे व्हायचे, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

शिवाय सर्वांत मोठे संकट चोराचे नव्हेच. 2021 साली अमेरिकेत बंदुकांनी 48,830 माणसे मेली; त्यांतल्या 26,328 आत्महत्या होत्या. मी मास्तर आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचे मन रोज पाहतो. नापास झाला, कोणी नाकारले, बाप बोलला, की त्या रात्री त्याला जग संपले असे वाटते. आणि आठवड्याने तोच पोरगा मैदानात खिदळत असतो. मधला तो आठवडा निभावून नेणे, हेच आईबापांचे आणि मास्तरांचे काम. हाताशी पिस्तूल असले, तर तो आठवडा मिळतच नाही.

आपण मात्र फार ऐट मिरवू नये. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात वयोमर्यादा सोळाची होती. ती एकवीस झाली 1983 साली. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची हौस आपल्याच देशातली, आणि तिला खास शिक्षा ठरवायला 2019 उजाडले. त्याच वर्षी मोटार कायद्यात आले, की अल्पवयीन पोराने गाडीने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. किल्ली ज्याची, जबाबदारी त्याची! हेच सूत्र पिस्तुलाला लावा, एवढीच माझी मागणी आहे. वय एकवीस, सोडलेल्या मोटारीत उघडे पिस्तूल नाही, आणि ते पोराच्या हाती लागले तर जाब मालकाला.

तिथले कायदे आपण करू शकत नाही. पण रविवारी फोनवर ‘जेवलास का? थंडी फार आहे का?’ हे विचारून झाले, की आणखी एक प्रश्न विचारता येईल: ‘ज्याच्या मोटारीतून तू जातोस, तो मोटारीत पिस्तूल ठेवतो का? आणि ठेवतो, तर कुलुपात ठेवतो का?’ नातू हसेल, ‘आजी, असले कोणी विचारते का?’ म्हणेल. म्हणू द्या. पुढच्या रविवारी पुन्हा विचारा.