आवाज ठणठणीत, ड्रायव्हर गायब: जुना ऑडिओ इंटरफेस घेताय?

ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर नुसतं ‘ऑडिओ इंटरफेस’ टाकून बघा. आठ-आठ माइक लागतील असे भारदस्त डबे अगदी मातीमोल भावात दिसतात. फोटो झकास, खाली ओळ: ‘फुल वर्किंग, अर्जंट सेल’. घरी गाणं रेकॉर्ड करायचं, पॉडकास्ट सुरू करायचा किंवा रीलसाठी धड आवाज हवा म्हणून पैसे साठवणाऱ्याला वाटणारच, की लॉटरी लागली!

विकणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. डबा खरंच चालू असतो. प्रश्न एवढाच, की तो कशाला जोडल्यावर चालू असतो?

2025 मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. 15 सप्टेंबरला ॲपलचं मॅकओएस टाहो आलं आणि त्यातून फायरवायरचा सपोर्ट काढून टाकलेला निघाला. 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती व्हायरस आणि सिक्युरिटी अपडेट्सची. पण घरगुती रेकॉर्डिंगवाल्यांसाठी या दोन तारखांचा अर्थ वेगळाच आहे, आणि स्वस्त डब्यांचं कोडं बऱ्याच अंशी तिथेच सुटतं.

आधी हा डबा करतो काय ते बघू. माइकमधून येतो तो बारीकसा विजेचा सिग्नल. इंटरफेस तो वाढवतो, सेकंदाला 44,100 किंवा 48,000 वेळा मोजतो आणि ते आकडे केबलमधून कम्प्युटरला देतो. हे आकडे समजून घ्यायला कम्प्युटरला एक दुभाषा लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. काही डब्यांचा दुभाषा कंपनीने स्वतः लिहिलेला असतो. काही डबे मात्र यूएसबीची ठरलेली, सगळ्यांना येणारी भाषा बोलतात. त्यांना ‘क्लास कम्प्लायंट’ म्हणतात. अशा डब्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कारण दुभाषा फोनच्या किंवा कम्प्युटरच्या सिस्टिममध्येच बसलेला असतो.

माझं म्हणणं असं, की जुना इंटरफेस घेताना आवाजाची क्वालिटी, ब्रँड, चॅनेल किती, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न: हा क्लास कम्प्लायंट आहे का? नसेल, तर तुम्ही डबा विकत घेत नाही आहात. एका कंपनीने जुनं सॉफ्टवेअर सांभाळत राहावं, ही आशा विकत घेत आहात.

उदाहरणं घ्या. फोकसराइटचा सफायर प्रो 40 किंवा प्रीसोनसचा फायरस्टुडिओ हे एकेकाळचे तगडे डबे. दोन्ही फायरवायरवर चालणारे. मॅकवर फायरवायरचं पोर्ट कधीच गेलं होतं, पण लोक ॲडॅप्टरला ॲडॅप्टर जोडून काम भागवत होते. टाहोने ती वाटही बंद केली. आतले सर्किट तसेच, आवाज तसाच, पण नव्या मॅकला डबा दिसतच नाही. (लिनक्सवर फायरवायर अजून चालतं. हौस आणि वेळ दोन्ही असेल तर तो उद्योग करा; पहिलंच गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर नको.)

यूएसबी आहे म्हणजे बिनधास्त, असंही नाही. डिजिडिझाइनचा एमबॉक्स 2 यूएसबीचाच होता, पण कंपनीच्या ड्रायव्हरवर अवलंबून. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं, त्यामुळे फक्त 32 बिटचा ड्रायव्हर असलेलं काहीही तिथे बाद. शिवाय त्यातलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचं संरक्षण कित्येक जुने ड्रायव्हर लोडच होऊ देत नाही. म्हणजे विंडोज 10 वर सुखाने नांदणारा डबा मालकाने लॅपटॉप बदलला की मुका होतो. आणि मग तो ‘अर्जंट सेल’मध्ये येतो.

याउलट फोकसराइटचाच स्कारलेट 2आय2. पहिली आवृत्ती 2011 ची, पण क्लास कम्प्लायंट. आयपॅडला लावा, ड्रायव्हर न टाकता ओळखला जातो. नवीन आवृत्त्या आल्या की जुन्या बाजारात येतात, आणि घरच्या कामासाठी त्या अजून उत्तम आहेत.

आता ज्यांच्याकडे लॅपटॉपच नाही त्यांच्यासाठी चांगली बातमी. ॲण्ड्रॉइडमध्ये यूएसबी ऑडिओची सोय 2014 च्या लॉलीपॉपपासून आहे. आयफोन 15 पासून आयफोनलाही टाइप-सी आलं. म्हणजे क्लास कम्प्लायंट डबा आणि एक साधी केबल असली, की तुमचा फोन हाच रेकॉर्डर. बँडलॅबसारखं फुकट ॲप टाका, कामाला लागा. त्यामुळे डबा तपासायचं सगळ्यात सोपं यंत्रही तुमच्या खिशातच आहे. फोनने ड्रायव्हरशिवाय ओळखला, तर समजा या डब्याला अजून बरंच आयुष्य आहे.

बघायला जाताना

स्वतःचा फोन, डेटा जाणारी केबल (काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्या घेऊन गेलात तर फुकट गोंधळ) आणि वायरवाला हेडफोन न्या. ओप्पो, विवो, रिअलमी, वनप्लस यांच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि काही वेळ वापरलं नाही तर ते आपोआप बंद होतं. हे माहीत नसलं, तर चांगला डबा बिघडलेला समजून परत याल.

दुसरी अडचण विजेची. डबा फोनमधून वीज ओढतो. आयफोन 15 बाहेरच्या वस्तूला साडेचार वॉटपर्यंतच देतो. डबा लागतो-बंद पडतो करत असेल, किंवा 48 व्होल्टचं बटण दाबल्यावर गप्प होत असेल, तर लगेच नापास करू नका. स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब मध्ये लावून पुन्हा बघा.

मग प्रत्येक इनपुटला माइक लावून बोला. प्रत्येक नॉब सावकाश फिरवा. थोडी खरखर म्हणजे धूळ, मधेच आवाज गायब म्हणजे खर्च. हेडफोनच्या दोन्ही बाजूंना ऐकू येतंय ना? आणि यूएसबीची केबल लावलेली असताना हळूच हलवून बघा. पोर्ट ढिला असेल तर ऐन आलापात रेकॉर्डिंग तुटणार. विकणारा म्हणाला ‘केबल हरवलीय, पण चालतो’, तर चहा पिऊन निघायचं.

डब्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरच्या नावाखाली कुणी जास्त पैसे मागत असेल, तर देऊ नका. ते बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या खात्याला जोडलेलं असतं. तसंही सॉफ्टवेअरच्या मालकीचा भरवसा किती धरायचा, हे मार्च 2023 मध्ये दिसलं. वेव्हज या कंपनीने एकदाच पैसे भरून प्लगइन विकणं एका फटक्यात बंद केलं आणि सगळ्यांना महिन्या-वर्षाच्या भाड्यावर यायला सांगितलं. लोक इतके भडकले, की कंपनीला काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला.

ज्याला ड्रायव्हरच नाही ते

या सगळ्यात एक वस्तू निवांत बसलेली असते: एक्सएलआर केबलचा साधा माइक. त्याला ना ड्रायव्हर, ना अपडेट, ना खातं. शुअरचा एसएम58 हा 1966 सालापासून विकला जातोय आणि त्या काळातला माइक आजच्या इंटरफेसला लावला तरी वाजतो. म्हणून बजेट तुटपुंजं असेल, तर मी डबा जुना आणि साधा घ्या म्हणेन, उरलेले पैसे माइकवर घाला. फक्त एसएम58 च्या नकला भरपूर फिरतात. खरा माइक जवळपास 300 ग्रॅमचा असतो. हातात घेतल्यावर पोकळ, हलका वाटला तर सोडून द्या.

आणि तो बीएम-800. निळा किंवा काळा, स्टँड आणि फोमसकट ‘स्टुडिओ किट’ म्हणून मिळणारा. तो कंडेन्सर माइक आहे, त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवर मिळायला हवी. सोबतच्या केबलने थेट फोनच्या हेडफोन जॅकमध्ये खुपसला, की आवाज बारीक आणि सूंऽऽ जास्त. मग माइकला शिव्या बसतात. इंटरफेसवर लावल्यावर तो इतका वाईट नाही.

गाताना ब्लूटूथचे इयरबड्स मात्र बाजूला ठेवा. 48,000 च्या वेगात 256 नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण 5 मिलिसेकंद उशीर. हार्मोनियमवाला तुमच्यापासून पावणेदोन मीटरवर बसलाय, इतपतच. ब्लूटूथमध्ये हाच उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज होतो, मग ताल कुठे आणि तुम्ही कुठे! वायरवाला हेडफोन डब्यालाच लावा आणि ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर ते दाबा. खोली घुमत असेल तर उघडं कपाट, गाद्या, गोधड्या मागेपुढे लावा, पंखा बंद करा. महागड्या फोमची सुरुवातीला गरज नाही. लॅपटॉपवर काम करताना गुंऽऽ असा आवाज आला, तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला, तर दोष बहुधा घराच्या अर्थिंगचा आहे, डब्याचा नाही.

विकत असाल तर

जाहिरातीत मॉडेलचं पूर्ण नाव, मागच्या पोर्टचा फोटो आणि ‘अमुक फोनवर ड्रायव्हरशिवाय चालतो’ असा छोटा व्हिडिओ टाका. या एका व्हिडिओने भावाची घासाघीस निम्मी होते. डबा तुमच्या खात्यावर रजिस्टर असेल तर आधी तो काढा. फायरवायरचा असेल तर तसं स्पष्ट लिहा. जुना मॅक सांभाळून बसलेला एखादा शौकीन तो आनंदाने नेईल; कॉलेजच्या पोराच्या गळ्यात मारू नका.

पैसे घेताना ‘क्यूआर पाठवतो, स्कॅन केलं की तुमच्या खात्यात येतील’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. ऑक्टोबर 2025 पासून एनपीसीआयने दोन व्यक्तींमधल्या यूपीआय ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ बंद केल्या, पण क्यूआरची ही युक्ती त्याने थांबत नाही, कारण स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. पैसे यायला पिन लागत नाही. समोरच्याला आधी घरी बोलवा, डबा त्याच्या फोनला लावून दाखवा, आणि पैसे जमा झाल्याचं तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये दिसलं की मगच केबल काढून त्याच्या हातात द्या.