रानातला मुक्काम चोरीचा नव्हे

‘तिथे राहायला पैसे पडत नाहीत’ असं सांगितलं की न्यू जर्सीतल्या मराठी घरात हमखास प्रश्न येतो, ‘पण ते कायदेशीर आहे ना?’ फुकटच्या जेवणावळीत हा प्रश्न कुणाला सुचत नाही. रानात फुकट झोपायचं म्हटलं की मात्र डोळ्यांपुढे लगेच पोलिसाची गाडी उभी राहते. गेली काही वर्षं मी अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत नळ नाही, संडास नाही, बाक नाही अशा जागी तंबू ठोकून राहतो आहे. इथे त्याला ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात, मी मोकळा मुक्काम म्हणतो. त्यावरचे आक्षेप आता मला पाठ झाले आहेत. बरेचसे पोकळ आहेत, एक वजनदार आहे. पोकळ आधी घेतो.

कायद्याची शंका बहुधा दोन नावांच्या घोळातून येते. यलोस्टोन, योसेमिटी ही नॅशनल पार्क. तिथे नेमून दिलेल्या जागी किंवा परवाना घेऊनच राहता येतं. नॅशनल फॉरेस्ट हे वेगळं प्रकरण आहे. ते 1905 साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतं, आणि ही फॉरेस्ट सर्व्हिस येते चक्क शेतकी खात्याखाली. तिच्या ताब्यात 19 कोटी 30 लाख एकर जमीन आहे, म्हणजे अडीच महाराष्ट्र. त्यातल्या पुष्कळ भागात, मनाईची पाटी किंवा हुकूम नसेल तर, साधारण 14 दिवसांपर्यंत तंबू लावता येतो. काही जंगलांत ही मुदत वेगळी असते.

आणि फुकट म्हणजे खात्याची मेहेरबानी असंही नाही. 2004 च्या कायद्याने ठरवून दिलं आहे की ठरावीक सोयी असतील तिथेच शुल्क घ्यायचं, सोयी नसलेल्या जागी झोपण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ॲरिझोनात टूसॉनजवळच्या माउंट लेमनवर तरीही पैसे घेतले जात होते. लोक कोर्टात गेले. 2012 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की नुसती गाडी लावून चालायला जाणाऱ्याकडून, किंवा सोयी नसलेल्या जागी मुक्काम करणाऱ्याकडून शुल्क घेता येणार नाही. चोरून राहणारा मी नव्हे. पैसे मागणाऱ्यालाच तिथे कायद्याने अडवलं आहे.

दुसरा आक्षेप असा की जागा सापडतच नाहीत, ज्यांना माहीत आहेत ते सांगत नाहीत. मग लोक मोबाइलवरच्या ॲपमध्ये कुणीतरी टोचून ठेवलेली खूण पकडून जातात. तिथे आधीच सात गाड्या उभ्या असतात, झुडपामागे कागदाचे बोळे पडलेले असतात, आणि माणूस घरी येऊन सांगतो की हे सगळं घाणेरडं आहे. अहो, घाण त्या खुणेची आहे. जंगल तिच्या पलीकडे दहा मैल पसरलेलं असतं.

जागा सांगणारा कागद खात्यानेच काढलेला असतो. मोटर व्हेईकल यूज मॅप हे त्याचं नाव. काळा-पांढरा, रूक्ष, डोंगराचा चढउतारही न दाखवणारा. दिसायला गावच्या तलाठ्याकडच्या नकाशासारखा, आणि तितकाच कामाचा. वाहन कुठल्या रस्त्याने नेता येतं, वर्षातल्या कुठल्या तारखांना नेता येतं, हे त्यावर असतं. ज्या रस्त्याच्या कडेला ठिपक्यांची ओळ दिसेल, तिथे मुक्कामासाठी गाडी रस्त्यापासून किती आत घेता येईल तेही लिहिलेलं असतं. हा नकाशा रेंजरच्या कचेरीत आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यावरचा एखादा आडवाटेचा रस्ता निवडायचा, कचेरीत फोन करून रस्ता उघडा आहे का आणि आगीवर बंदी आहे का एवढं विचारायचं, आणि उजेड असताना पोहोचायचं. मी हे न करता एकदा व्हर्जिनियात रात्री साडेदहाला ॲपच्या भरवशावर गेलो होतो. समोर कुलूपबंद फाटक. रस्ता हिवाळ्यापुरता बंद होता, आणि ती तारीख नकाशावर ठळक छापलेली होती. बायको काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

आता भीती. अस्वल, अनोळखी माणसं, आणि ज्याबद्दल सगळे दबक्या आवाजात विचारतात ते परसाकडे जाणं. गावी ज्यांचं लहानपण गेलं त्यांनी तरी या तिसऱ्याची धास्ती घेऊ नये. पाण्यापासून 200 फूट, म्हणजे साधारण 80 पावलं दूर जायचं, सहा ते आठ इंच खड्डा खणायचा, काम झालं की बुजवायचा, कागद पिशवीत परत आणायचा. अस्वलाला आपल्यापेक्षा आपल्या लसणाच्या चटणीत रस असतो. अन्न तंबूत ठेवायचं नाही, आणि जिथे अस्वलरोधक डबा सक्तीचा आहे तिथे तो न्यायचाच. खरा धोका वेगळा आहे आणि तो कुणी विचारत नाही: अर्धवट विझवलेली शेकोटी. राखेत पाणी ओतून, ढवळून, हाताला गार लागेपर्यंत जो थांबत नाही, त्याने रानात जाऊच नये. फोनला रेंज नसते हेही खरं. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर पैसे भरून नळ-संडास असलेल्या कॅम्पग्राउंडवर जावं. त्यात कमीपणा नाही.

वजनदार आक्षेप उरला. तो आपल्या लोकांचा नसून जंगलावर जीव असणाऱ्यांचा आहे: मोकळ्या मुक्कामाने जंगल झिजतं, म्हणून शुल्क लावा किंवा बंद करा. झिजतं हे मला मान्य आहे. 2020 नंतर गर्दी किती वाढली ते मी पाहिलं आहे. गवत तुडवून नव्या नव्या जागा तयार झाल्या, झाडांना खिळे ठोकले गेले. पण पैसे लावल्याने झीज थांबते हे गृहीतच चुकीचं आहे. पैसे भरलेला माणूस जास्त जपून वागतो असा अनुभव आपल्याला कुठल्या थिएटरात किंवा रेल्वेच्या डब्यात आला आहे? कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या आसपास 2021 पासून वेगळी वाट काढली गेली. काही खोऱ्यांत वाटेल तिथे तंबू लावणं बंद केलं, खुंट्या मारून क्रमांकाच्या जागा ठरवून दिल्या, आणि त्या फुकटच ठेवल्या. आधी येईल त्याला मिळेल. मर्यादा माणसांच्या संख्येवर आली, खिशावर आली नाही. ज्याला ॲस्पेनच्या हॉटेलात एक रात्रही परवडत नाही, त्याच्या रानातल्या झोपेवर दर लावून जंगल वाचवायचं, हा न्याय मला पटत नाही.

मोकळ्या मुक्कामाच्या बाजूने माझा मुख्य मुद्दा मात्र झाडा-चांदण्यांचा नाही. आपल्यातले कित्येक जण ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं उभे आहेत. नोकरी, घर, गाडीचा परवाना, प्रत्येक खिडकीवर आधी कागद दाखवायचे. मोकळ्या मुक्कामाला नाव नोंदवावं लागत नाही. तिथे कुणी तुमचा व्हिसा, पगार किंवा क्रेडिट स्कोअर विचारत नाही, 14 दिवस आणि पाण्यापासूनचं अंतर एवढंच विचारतात. या देशात नियम पाळला की पुरे होतं अशी दुसरी जागा मला अजून भेटलेली नाही.

न्यू जर्सीत नॅशनल फॉरेस्ट नाही, ही सबब ऐकून घेतो. पण एडिसनहून अडीच तासांवर न्यू यॉर्क राज्यातले कॅटस्किल्स डोंगर आहेत, आणि तिथलं राज्याच्या मालकीचं जंगल सदैव रानच राहील हे त्या राज्याच्या घटनेत 1894 पासून लिहिलेलं आहे. त्या जंगलात रस्ता, पायवाट आणि पाणी यांपासून 150 फूट दूर, 3,500 फूट उंचीच्या खाली, तंबू लावता येतो. याहून जवळ लावायचा तर ‘इथे मुक्काम करा’ अशी पिवळी चकती झाडावर दिसली पाहिजे. सरपण घरून नेऊ नका, झाडांची कीड त्यातून पसरते. पडलेली सुकी लाकडं तिथेच मिळतात. तीन रात्रींहून जास्त राहायचं असेल किंवा दहा अथवा जास्त जण असाल तर रेंजरकडून परवाना घ्यावा लागतो. त्यालाही पैसे पडत नाहीत.