रक्तदान : शिबिरापासून खाटेपर्यंत

सप्टेंबर २०२१ मध्ये अकोला जिल्ह्यातील एका आठ महिन्यांच्या बालिकेला एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचे उघडकीस आले. मातापित्यांपैकी कोणालाही हा संसर्ग नव्हता. आजारपणात तिला रक्त देण्यात आले होते. पुढे प्रकृती वारंवार बिघडू लागली तेव्हा तिला अमरावतीस नेण्यात आले आणि तेथील तपासणीत हे निदान झाले. शासनाने चौकशीचे आदेश दिले, वृत्तपत्रांनी मथळे दिले आणि वऱ्हाड सोयाबीनच्या सोंगणीला लागले. अशा प्रसंगी सारा रोष एखाद्या रक्तपेढीवर काढून समाज मोकळा होतो. परंतु दात्याच्या दंडापासून रुग्णाच्या खाटेपर्यंत रक्ताचा जो प्रवास होतो, त्यातील माणसांकडे मात्र कोणी पाहत नाही.

एकेकाळी या देशात रक्त उघडपणे विकले जाई. उपाशी माणूस ते विकी आणि गरजू माणूस भांडी गहाण टाकून ते विकत घेई. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून हा व्यापार निषिद्ध ठरला. बाजार बंद झाला; सक्ती मात्र निराळ्या वेषात राहिली. ‘एक पिशवी हवी तर एक माणूस आणा’ असे रुग्णाच्या नातलगास सांगितले जाते. धारणीहून सुमारे दीडशे किलोमीटरचा घाटरस्ता उतरून अमरावतीस आलेल्या कोरकू कुटुंबाने हा माणूस कोठून आणावा? दडपणाखाली खुर्चीवर बसलेला दाता आपला पूर्वीचा आजार वा जोखमीचे वर्तन सहसा सांगत नाही. संसर्गाच्या आरंभीच्या काळात तर प्रयोगशाळेची चाचणीही फसू शकते. म्हणूनच स्वेच्छेने, नियमितपणे येणारा दाता सर्वांत सुरक्षित मानला जातो. येथे नीती आणि शास्त्र एकच गोष्ट सांगतात.

शिबिरे होत नाहीत असे नाही. नेत्यांच्या वाढदिवशी ती इतकी होतात की पिशव्यांचा ढीग पडतो. तांबड्या पेशी दोन ते सहा अंश तापमानात साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकतात. मग एप्रिल-मे महिन्यांत, अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि महाविद्यालये ओस पडतात तेव्हा, बाळंतिणीसाठी रक्त मिळत नाही. या हौसेपासून डाव्या पक्षांचे कार्यकर्तेही अलिप्त नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

खरा प्रश्न पुढे वॉर्डात उभा राहतो. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मांडला. ‘ओ’ गटाचे भासणारे रक्तही ‘ओ’ गटाशी जुळत नाही, असा दुर्मीळ ‘बाँबे’ गट डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत दाखवून दिला. शास्त्राची प्रगती एवढी झाली असूनही चुकीच्या गटाचे रक्त दिले जाण्याचे मुख्य कारण आजही कारकुनी स्वरूपाचेच आहे : नमुन्याच्या नळीवर चुकीचे नाव, किंवा एकाची पिशवी दुसऱ्याच्या खाटेला. मेळघाटातून आलेल्या रुग्णांत कासदेकर, बेठेकर, जांबेकर ही आडनावे पुनःपुन्हा भेटतात. एकाच वॉर्डात दोन कासदेकर असणे हा नित्याचा अनुभव. ‘तुमचे नाव कासदेकर ना?’ असे विचारले की ग्लानीत असलेली, मराठी जेमतेम समजणारी बाई मान हलवते. म्हणून परिचारिकेने नाव सांगायचे नसते, रुग्णाकडून वदवून घ्यायचे असते; नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा क्रमांक व मुदत दोघींनी मिळून खाटेपाशीच पडताळायची असते. पहिली पंधरा मिनिटे रक्त संथ सोडून तेथेच उभे राहायचे असते. थंडी, ताप, कंबरदुखी, अंगावर गांध उठणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसताच रक्त थांबवून सलाईनने शीर चालू ठेवायची आणि डॉक्टरांस बोलवायचे. पिशवी चार तासांच्या आत संपली पाहिजे.

हे सर्व पाठ्यपुस्तकात आहे आणि विद्यार्थिनींना मुखोद्गतही असते. परंतु रात्रपाळीस एका परिचारिकेच्या माथी अख्खा वॉर्ड असेल, तर पंधरा मिनिटे एका खाटेपाशी ती उभी कशी राहणार? आणि ‘दोघींनी पडताळावे’ या नियमातील दुसरी कोठून येणार? बहुधा ती दुसऱ्या वर्षाची शिकाऊ मुलगी असते, जिला सही करण्यास सांगितले जाते. रिक्त पदे न भरता विद्यार्थिनींना फुकटचे मनुष्यबळ समजणारी व्यवस्था पुढे चूक घडली की त्याच मुलीला दोषी धरते.

या विद्यार्थिनींनी रक्तदानात पुढाकार घ्यावा असे आवाहन नेहमीच केले जाते. दात्याचे हिमोग्लोबिन साडेबारा असावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. वसतिगृहाच्या पातळ वरणावर राहणारी शेतमजुराची मुलगी शिबिरातून परत पाठवली जाते, ती काही भ्याली म्हणून नव्हे.

अमरावतीचे इर्विन व अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथे प्रत्येक पाळीत परिचारिकांची मंजूर पदे किती व भरलेली किती, याची माहिती कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात मागवावी. शिकाऊ विद्यार्थिनीची सही दुसऱ्या पडताळणीसाठी ग्राह्य धरू नये, ही मागणी त्याच अर्जासोबत जावी. आणि पुढचे शिबिर मे महिन्यात, रक्तपेढीला तारीख विचारून घ्यावे.