गठाणीच्या पोटातला निखारा

दिवाळी तोंडावर आली की माजलगाव, गेवराई, वडवणीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसू लागतात. जिनिंगच्या आवारात गंज्या चढतात आणि नेमक्या त्याच रात्री आभाळातून रॉकेटच्या जळक्या काड्या खाली येत असतात. बीड जिल्ह्याचा हा अंक उघडताना मुंबईची एक जुनी दुपार आठवते ती त्यामुळेच.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज धक्क्याला लागलेले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गठाणी. ज्या फाळक्यात कापूस, त्यातच दारूगोळाही भरलेला. जहाजात धोक्याचा माल आहे हे सांगणारा लाल बावटासुद्धा चढवलेला नव्हता. दुपारी धूर दिसला, बंब धावले, ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. जहाज जागीच बुडवावे का, यावर खल झाला; ठाम हुकूम मात्र कुणी दिला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते, शेवटपर्यंत नळी धरून उभे राहिलेले.

इतके पाणी ओतूनही आग का विझली नाही? याचे उत्तर जिनिंगवरचा कुणीही जुना कामगार देईल. कच्च्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो, त्यात गठाण दाबून बांधलेली. पाणी वरूनच ओघळते. बाहेरून पांढरीशुभ्र दिसणारी गठाण फोडली की आत काळा गाभा अन् लाल निखारा. कापसाबरोबर आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला, तरी तेवढी ठिणगी पुरते.

त्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याने तर आगीपासून बचावाची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली. यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत व जुलैत द्यायचा. पण जानेवारी येईपर्यंत गंज्या उंच झालेल्या असतात. हौद भरलेला आहे का, नळी कुठे फाटली आहे का, दोन गंज्यांमधून बंब जाईल एवढी वाट मोकळी आहे का, हे काटापूजनाच्या दिवशीच पाहायला हवे. आणि रात्रपाळीला यंत्रात कापूस टाकणाऱ्या बाईला, बाहेर पडायचे दार कोणते आणि ते कुलूपबंद नाही, हे हाताला धरून दाखवायला हवे.